पदराखालचे हात

सांगलीत कानाच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी आष्ट्याची एक आजी, मांडीवर तीन वर्षांची नात, नातीच्या छातीवर कानाच्या मशीनची पिशवी. पलीकडच्या बाईंनी विचारलं,

“अजिबात ऐकू येत नाही?”

“जन्मापासनं न्हाई.”

“मग हिला काय हवंय ते कळतं कसं तुम्हाला?”

“खुणा करती की. मिशी पिळली की आजा. सलाम ठोकला की बाप, मिल्ट्रीत हाय.”

“कुणी शिकवल्या?”

“कुणीबी न्हाई. तिची तीच काढती. पर बहिऱ्या पोरांच्या शाळंतल्या बाई म्हणत्यात, तुमी खुणा करू नका, नुसतं बोला, तरच ती बोलाय शिकंल. म्हणून बोलताना मी हात पदराखाली घालती.”

“तुम्हाला आजी म्हणते?”

“तोंडानं न्हाई अजून. माझीबी खूण हाय.”

“कोणती?”

“दोनी हात फ्रॉकाखाली लपवती.”