पाटीवरचा ‘थांबा’

शहाद्याच्या स्टॅण्डवर प्रतिभा म्हसावदच्या गाडीची वाट पाहत उभी होती. मागच्या बाकड्यावर एक म्हातारी आणि तिची पुतणी एकाच पेपरात डोकं खुपसून बसल्या होत्या.

“रुपा, वाच वं. काय लिखेल शे?”

“काकू, फोटोमा तुम्हीच शेतस. हातमा पाटी, वर ‘थांबा’ लिखेल.”

“मंग? गावले एस.टी.ना थांबा पाहिजे म्हनीसन परवा रस्तावर बसनूत ना आपन.”

“खालनं ‘पाहिजे’ फोटोमा कटी गयं. पेपरवाला म्हनस, ‘थांबा! युद्धखोर जगाला खेड्यातल्या बायकांची हाक.’”

“कोनतं युद्ध वं?”

“ते नही लिखेल. सगळाच, आसं दिसस.”

“माय वं! आनि आपली काजल? गाडी थांबत नही म्हनीसन तिना बाप तिन्हं कॉलेज बंद करी ऱ्हायना, ते?”

“त्यानं कैच लिखेल नही. पन तुमले ‘शांतिदूत’ म्हनेल शे.”

“शांत? मी? हाई तुन्हा काकाले दखाडू नको. हासी हासी मरी जाई.”

प्रतिभानं पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात गाडी लागली, आणि कंडक्टर दारातून वाकून म्हातारीकडे बघतच राहिला.

“अरे, पेपरमधल्या शांतिदूत मावशी! या, या. आता तेवढं युद्ध थांबवाच. कुठं उतरणार?”

“आम्हना गावना फाटावर.”

“तिथं थांबा नाही, मावशी.”

“भाऊ, तू गाडी थांबाड. युद्धनं आम्ही पाही लेसूत.”

कंडक्टर डोकं खाजवू लागला. मागून प्रतिभानं म्हसावदच्या तिकिटासाठी काढलेले पैसे पुढे केले. “मलाही त्याच फाट्यावर उतरायचंय.”