शत्रूच्या गुडघ्यासाठी प्रार्थना

— नाही नाही, उठू नका पाळकसाहेब, तुम्ही जेवा निवांत, निवड समितीची बाकीची मंडळी यायला अवकाश आहे — आणि ते चिकन हातानंच खा, इथं कोणी बघत नाही. हां, तर तुम्ही विचारलंत, आधीचे पाळक का गेले. तब्येतीमुळे, असं सांगायचं ठरलंय आमचं. तब्येत कसली, ठणठणीत होते, रोज सकाळी तळ्याला चक्कर मारायचे. पण तुम्ही पडलात ओहायोचे, उद्या इथं राहायला येणार, गावात कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच — त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. मी हॉयट पार्टलो, चर्चचा कारभारी, कोपऱ्यावर गॅसच्या टाक्यांचं दुकान आहे ना, ते माझं — आणि मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण चर्चच्या आवारात नाही.

एमेट लॉली त्यांचं नाव. देवमाणूस. खोट एकच — फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही. अलाबामात राहून. शनिवारी दुपारी, ऐन सामन्याच्या वेळी, लोकांच्या घरी भेटीला जायचे, आता बोला. लोक दार उघडायचे, गार चहा द्यायचे आणि त्यांच्या खांद्यावरून टीव्ही बघत बसायचे — त्यांना वाटायचं, मंडळी किती एकटक ऐकतात. वीस-बावीस वर्षं त्यांनी एकच उपदेश लावून धरला, शत्रूवर प्रीती करा. आम्ही आमेन म्हणायचो. आता आमचा शत्रू कोण? नदीपलीकडचं पिकेट कॉलेज. आम्ही सगळे ब्लॅकवॉटर स्टेट कॉलेजचे, बापजाद्यांपासून — आणि शत्रूवर म्हणजे पिकेटवरसुद्धा, असं काही शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलेलं नाही. असा आमचा समज.

तर गेल्या हंगामात ब्लॅकवॉटर एकही सामना हरेना. पिकेटला तर सप्टेंबरातच लोळवलं — बरं, लोळवलं नाही, तीन गुणांनी, पण जिंकलो ना? मग पहिल्या चारात घ्यायला नको? अजिंक्यपदासाठी चारच संघ खेळतात. तर ती टेक्सासातल्या हॉटेलात बसून क्रमवारी लावणारी माणसं म्हणतात, ब्लॅकवॉटर पाचवे. का? तर वेळापत्रकात दम नाही. जिंकलात खरे, पण जिंकलात कोणाशी — शेंबड्या पोरांना पाडून कोणी पहिलवान होतं का, असं त्यांचं म्हणणं. मला सांगा, वेळापत्रक ठरतं आठ-दहा वर्षं आधी, तेव्हा समोरचा शेंबडा निघेल की तगडा हे काय ब्लॅकवॉटरच्या स्वप्नात येणार? असो. दम वाढवायचा तर एकच वाट होती, आणि ती नेल्डानं सांगितली — नेल्डा पियानो वाजवते आमच्याकडं, समितीवर आहे, येईलच आता. ती म्हणाली, आपण ज्यांना हरवलं त्यांनी आता जिंकत सुटलं पाहिजे. ते मोठे झाले की त्यांना हरवणारे आपण आपोआप मोठे. आणि त्यांत मोठं होण्यासारखं कोण, तर पिकेट. हे ऐकून म्हातारा व्हर्जिल उठून बाहेर गेला, गाडीपाशी जरा वेळ उभा राहिला, परत येऊन बसला. काय करणार, हिशोब बरोबर होता.

आणि त्याच आठवड्यात पिकेटच्या क्वार्टरबॅकचा गुडघा मुरगळला. लिंडेल क्रो. चेंडू फेकणारा तोच, सगळा डाव त्या पोराच्या हातावर चालायचा. तर बुधवारच्या प्रार्थनासभेत लॉलीसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणासाठी प्रार्थना करायची आहे का? नेल्डा उभी राहिली. म्हणाली, एका तरुणाच्या गुडघ्यासाठी. डाव्या. त्यांनी विचारलं, कोण तो? ही म्हणाली, पिकेटचा आहे. पाळकसाहेब, त्यांनी हातातलं बायबल खाली ठेवलं, आणि डोळे भरून आले त्यांचे. एवढी वर्षं पेरलं, आज उगवलं, असं वाटलं हो त्यांना. आम्ही एकमेकांकडं बघितलं — आता सांगायचं कोणी? सांगितलंच नाही कोणी. सगळे गुडघ्यावर बसलो. सख्ख्या आईसाठी लोक इतक्या तळमळीनं देवाला आळवत नाहीत. व्हर्जिल तर रडला. पुढच्या बुधवारी माणसं वाढली, खुर्च्या कमी पडल्या, पिकेटच्या पोरांना केक पाठवले — आणि पिकेट जिंकत सुटलं.

आता गुडघ्याची खरी बातमी कळायची कशी? तर तिथं मी आलो. माझा जावई पिकेटच्या संघात आहे, खेळाडूंचे पाय-गुडघे बघतो. केंट. पण त्याचं नि माझं — म्हणजे मुलीचं, डार्लाचं नि माझंसुद्धा — बोलणं नव्हतं. लग्नापासून. पाच वर्षं झाली, तिनं लग्न ठेवलं ऑक्टोबरात, शनिवारी, ब्लॅकवॉटर-पिकेट सामन्याच्या दिवशी. मुद्दाम नाही, हॉल तेवढाच मिळत होता, हे आता कळतंय. मी गेलो, सूट घातला, कानात रेडिओची बारकी गुंडी, सामना ऐकायला. आणि नदीपलीकडचा पाळक विचारतो, या लग्नाला कोणाची हरकत आहे काय — नेमकं तेव्हाच पिकेटवाल्यानं शेवटची किक मारली, आणि ती गेली आत. मी ओरडलो, हे चालायचं नाही, चालायचं नाही. उभा राहून. लोकांना वाटलं, बापाची हरकत आहे. केंटच्या आईला तिथंच भोवळ आली. खुलासा केला मी, पण खुलाशानं जास्तच बिघडलं. डार्ला म्हणाली, हरकत असती तरी एक वेळ चाललं असतं, डॅडी, पण फुटबॉल? त्यानंतर ती आली नाही, मी गेलो नाही. नात झाल्याचं मला दुकानातल्या गिऱ्हाईकाकडून कळलं.

तर चर्चनं ठरवलं, हॉयटनं फोन करावा. मी केला. म्हटलं, हॉयट बोलतोय. ती म्हणाली, ठाऊक आहे, आवाज ओळखते मी. म्हटलं, त्या लिंडेलचा गुडघा कसा आहे? ती हसायला लागली, आणि हसता हसता — जाऊ द्या. केंट मोठा पक्का, खेळाडूंचं काही बाहेर सांगत नाही. म्हणून मला दुसऱ्या दिवशी परत फोन करावा लागला. तिसऱ्या दिवशी परत. एकदम गुडघ्यावर येता येत नाही ना, आधी इकडचं तिकडचं बोलावं लागतं — तिच्या घराचं छत गळतं, तिला रात्रपाळी आहे, जूनीला, नातीला, भेंडी आवडत नाही. गुडघ्याचं मला शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. चर्चमध्ये मी सांगायचो, सुधारतोय.

आणि मग काय व्हावं — हंगाम संपत आला, नवी क्रमवारी लागली, तर पिकेट चौथं. आम्ही पाचवे. एकही सामना न हरलेले आम्ही पाचवे, आणि आमच्याकडून हरलेलं पिकेट चौथं. कारण त्यांच्या वेळापत्रकात दम, आणि तो का, तर त्यात आम्ही होतो. हसू नका पाळकसाहेब. इथं मोठीमोठी माणसं आजारी पडली. बुधवारी व्हर्जिल उभा राहिला, म्हणाला, ती प्रार्थना परत घ्यायची. शनिवारी पिकेटचा शेवटचा सामना आहे, ते हरावेत, अशी नवी करायची. लॉलीसाहेबांना कळेना. मग नेल्डानं त्यांना सगळं सांगितलं, चार संघ, वेळापत्रक, दम, पहिल्यापासून. त्यांचा चेहरा असा — दिवा काढून नेल्यावर खोली दिसते तसा. मग म्हणाले, "कारण काहीही असो, तुम्ही मागितलंत आणि त्यानं ऐकलं. त्या पोरानं वर्षभर अंग मोडलंय. त्याच्या वाईटासाठी मी या वेदीवरून तोंड उघडणार नाही." आणि आशीर्वाद देऊन दिवे मालवले.

शनिवारी पिकेट जिंकलं. शेवटच्या क्षणाला, लिंडेलनं त्याच पायावर धावत जाऊन. मी कुठं होतो? घरी. खोकला होता. म्हणजे चर्चच्या मंडळींना तसं कळवलं होतं — मी डार्लाकडं होतो, छत बघायला गेलो होतो, शिडी लागते, दिवस जातो. जूनी मांडीवर, पिकेटचा लाल सदरा घातलेली, आणि ते पोर धावत सुटलं तशी ती माझ्या मानेला घट्ट — आणि मी उठून ओरडलो ना, धाव रे पोरा, धाव — केंट माझ्याकडं बघतच राहिला. डार्ला स्वयंपाकघरात निघून गेली, डोळे पुसायला. म्हणजे, घरातले सगळेच ओरडत होते. मीही. घरात.

रविवारी आम्ही पाचवेच राहिलो, आणि लॉलीसाहेबांना ठेवायचं का यावर मतदान झालं. कोणीतरी अफवा उठवली की लॉलीबाईंच्या स्वयंपाकघरात लाल फडकी आहेत, आधीपासून ते पिकेटचेच. बहुमतानं गेले. माझा हात वर नव्हता, खांदा धरला होता त्या दिवशी. सामान भरायला मात्र मी गेलो. सोफा दोघांनी उचलला, आणि मधेच थांबून त्यांनी विचारलं, "त्या मुलाचा गुडघा कसा आहे हो?" एवढ्या बुधवारांत आमच्यापैकी कोणी तसं विचारलं नव्हतं. मला कुठं ठाऊक होतं? मी म्हटलं, बरा आहे. ते म्हणाले, मग झालं.

तुम्ही खाईनासे झालात. पुडिंग घ्या ना, केळ्याचं आहे. हे बघा — मी मघाशी उठून ओरडलो असं म्हणालो काय? बसूनच होतो मी. आणि धाव म्हणालो तेही खोकल्यातच. गाड्या आल्या वाटतं. तोंड पुसा, टाय सरळ करा, फुटबॉल आवडतो का विचारलं तर हो म्हणा, कोण आवडतं विचारलं तर पाणी प्या —

ये नेल्डा, ये. काही नाही गं, देवाबद्दल चाललं होतं आमचं.