लॅटिन ब्रीदाचे दोन साक्षीदार

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो, ते खरं कधी धरायचं? — का हो काका, हसलात का? घरचं आठवलं?

तर किनाऱ्याकडच्या एका गावात दामूअण्णा राऊत. केळीची वाडी, बारमाही विहीर आणि नवाकोरा बंगला! मुलाकडे विलायतेला जाऊन आले, तिथल्या जुन्या कमानींवर लॅटिन ब्रीदवाक्यं पाहिली — झालं! आपल्याही दारावर तसंच हवं. बायको, इंदुकाकी, म्हणाली, "अहो, संस्कृत घाला की!"

"संस्कृत काय, पतपेढीवरसुद्धा असतं!"

वाक्य तयार होतं — 'मी दिलेला शब्द पाळतो.' गावात लॅटिन येणारा माणूस एकच: चर्चमधले फादर इनास, वय चौऱ्याऐंशी. अण्णा कागद घेऊन हजर!

फादरांनी कागद वाचला. चष्मा पुसला. परत वाचला. म्हणाले, "दामू, पूर्वी आमच्याकडे लग्नाची नोंद लॅटिनमध्ये व्हायची. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार नाहीत, तर लॅटिन नाही! दोन सह्या घेऊन ये."

"एवढंच ना? अख्खं गाव पडलंय!"

पडलं होतं खरं! भजनी मंडळाचा पखवाजवाला म्हणाला, "अण्णा, नवा पखवाज देतो म्हणाला होतात. जुनाच बडवतोय अजून. सही कुठल्या हातानं करू?" इंदुकाकी म्हणाली, "आत्ताच देवपूजा झालीय माझी. लगेच खोटं बोलायला लावू नका!"

उरलं कोण? सख्खी बहीण, हिरू. कुंपणापलीकडे तिची मोगऱ्याची बाग. वडील गेले त्या दिवशी अण्णांनी शब्द दिला होता, "हिरू, आपल्या विहिरीवरनं तुला नळी टाकून देतो." अकरा वर्षं झाली, मंडळी! हिरू अजून कळशीनंच पाणी घालते! वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला गेले, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पाणी येऊ दे, मग मी येईन."

आणि वास्तुशांत परवावर!

अण्णा कुंपणाशी गेले. हिरू कळशी उतरवत होती. कागद पुढे करायचा होता — हात निघेना! कागद खिशात घातला, तसेच परतले. आणि दुपारच्या उन्हात स्वतः — गडीमाणूस नाही हं, स्वतः! — लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून चर खणला. नळी टाकली. पंप सुरू केला. पाणी खळाळत मोगऱ्यात शिरलं!

हिरू पायाशी आलेलं पाणी बघत राहिली. म्हणाली, "दादा, अकरा वर्षं ही विहीर इथंच होती ना रे?"

अण्णा खाली वाकून चर बुजवायला लागले.

"आण तो कागद. वहिनी बोलल्यात मला." सही केली, आणि सहीच्या वर लिहिलं — 'आजपुरतं खरं.'

इंदुकाकीनं वाचलं. "हं! आता माझीही सही घ्या!"

फादर म्हणाले, "साक्षीदारानं जे लिहिलं, तेही भाषांतरात येणार!" आणि दारावर लागलं — 'होदिए फिदेम सेर्वो.' आज मी शब्द पाळतो.

अण्णा कुरकुरले, "फादर, हे तर रोज सकाळी नव्यानं करावं लागेल!"

"लग्नाचंही तसंच असतं म्हणतात," फादर म्हणाले. "मला अनुभव नाही."

वास्तुशांतीला हिरू आली. बागेतला सगळा मोगरा घेऊन आली.

तेव्हा मंडळी, तुम्ही गाडीच्या काचेवर लिहा, मोबाइलच्या स्टेटसला लावा, माझी ना नाही! पण खाली सह्या कुणाच्या? परक्यांच्या चालायच्या नाहीत. ज्यांनी तुम्हाला अंथरुणातून उठताना पाहिलंय, अशा दोघांच्या हव्यात. आरतीला अजून वेळ आहे. ज्यांचं घर जवळ आहे, त्यांनी विचारून यावं. मी थांबतो!

— का हो, कुणीच उठत नाही?