मुनियाले कोन पाहीन

मी अंजनगाव सुर्जीची. अब्बा पानमळ्यात कामाले, आमी चार बहिनी, त्यात मी तेवढी दहावी झाली, मंग लग्नानंतर एका संस्थेत लागली. काम काय, तर गावोगाव फिराचं, लहान लेकरांचं वजन कराचं, कमी भरलं का दवाखान्यात धाडाचं. एका साली सोयाबीन बुडालं, गावातल्याच मानसाले काम नाई, अन् वरून मेळघाटातले कोरकू लोक कापूस वेचाले उतरले. वावराच्या धुऱ्यावर झोपड्या टाकून राहत. त्याइची लेकरं ना इथल्या अंगनवाडीच्या यादीत, ना तिकडच्या. अंगनवाडीची बाई म्हने, शमीमताई, माह्या गावच्यालेच पुरत नाई, याइले कुठून देऊ. तिचंही खोटं नव्हतं.

त्यात एक सुगंती होती. तिची धाकटी दहा महिन्यांची, पन रडाचीही ताकद नाई अंगात. मी म्हनलं, अमरावतीले भरती कर, चौदा दिवस ठेवतीन, लेकरू वाचते. ती लेकराले पदराखाली घेऊन चुलीकडं वळली. काय सांगू तुमाले, मले रागच आला, मनात म्हनलं कशी माय आहे ही. चिठ्ठी देल्ली अन् आली निघून.

दोन दिवसांनी गेली तं लेकरू तिथंच, अजून सुकलेलं. मंग मी तिच्यापाशी मातीत बसली, इचारलं, काहून गेली नाई व माय. ती बोलली, मुनियाले कोन पाहीन? मुनिया तिची मोठी, चार वर्षांची. नवरा दिवसभर वेचनीले, एक दिवस चुकला तं मुकादम हाकलून दे. एवढंच होतं, अन् मी इचारलंच नव्हतं.

मी म्हनलं, माह्या घरी ठेव. घरी सासू कुरकुरली, पन मुनियाचे केस तिनंच इंचरले. मी सुगंतीसंग अमरावतीले गेली, नर्सबाई बोले ते तिले समजे नाई, तं समजावून सांगत संध्याकाळलोक बसली. नवव्या दिवशी लेकरू दुधासाठी असं रडलं का बाजूच्या खाटेवरची बाई करवादली, अन् सुगंती पहिल्यांदा हासली. चौदा दिवसांनी सुगंती माह्या घरी आली तं मुनिया सासूच्या मांगं लपून बसलेली, मायजवळ जायेच ना.

आता माहे गुडघे गेले, तरी हंगामात जातो. बाहेरच्या लेकरांची नावं आता लिहून घेतात, पन दरसाल एखादं सुटतेच, अन् ते सुटलेलंच मले दिसत राह्यते. सुगंती दोन हंगाम आली, मंग नाई आली. तिची धाकटी शाळेत जात असीन. कुठंही असो, अल्लानं पोटभर द्यावं तिले.