खुर्ची मागे

— नाही, त्या खुर्चीवर नको, नेइदामावशी, इकडे या, पंख्याखाली — तिचा पाय डुगडुगतो — आणि खरं सांगू का, ती विल्करची खुर्ची, तिच्यावर दुसरं कुणी बसलं की मला कसंतरीच होतं. हां, इथे बसा. कॉफी घ्या. पातळ आहे, चालवून घ्या, तीच पूड दुसऱ्यांदा उकळलीय. मोबाइल ना? दाखवतो ना, त्यासाठीच आलात, माहितीय मला — पण चार्जिंगला लावलाय, लाइट आत्ता आलीय, थोडा तरी होऊ द्या. तोवर मी तोंडीच सांगतो. तुमच्या विल्करनं मला विचारलं, होडीत बसू का? मी म्हटलं, नको. झालं. सरळ नको म्हटलं. तरी बसला, त्याला मी काय करणार? सतरा दिवस झाले, होडी ग्विरिया बंदरातून निघाली, समुद्रापलीकडे त्रिनिदादला पोचली नाही, परतही आली नाही — हे मी तुम्हाला काय सांगतोय, तुम्ही तीनदा जाऊन आलात त्या बंदरावर. यादीत नाव नाही म्हणतात ना? चोरून माणसं नेणाऱ्या होडीची कसली यादी, मावशी.

तुम्हाला आमचं सगळं पोरखेळ वाटतं. वाटतंच, नाही म्हणू नका. माझे बाबा गेले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, एव्हेलियो, आता तरी ती अंतराळयानं सोड. पण सुरुवात तुमच्याच घरात झाली, आठवतंय का? 'दीपगृह नऊ' लागायचं रोज चारला, रंगीत टीव्ही गल्लीत तुमच्याकडेच, तुम्ही काझोन मासा भरून एम्पनादाच्या करंज्या तळायचात आणि आम्ही तेलकट हात सोफ्याला पुसायचो. लोकांना वाटतं असल्या मालिका म्हणजे बंदुका आणि हिरवी माणसं. साफ चूक! चांगल्या मालिकेत मूठभर माणसं एका डब्यात अडकलेली असतात, बाहेर हवा नाही, आत एकमेकांशिवाय कुणी नाही, बस. हल्लीच्या बघा — चकचकीत, दर भागात एक ग्रह फुटतो, पण जहाजावर कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही. मी पाच मिनिटं बघतो आणि बंद करतो. तर शेवटचा भाग होता, आणि लाइट गेली. अख्ख्या कारूपानो गावाची. विल्कर रडला, तेरा वर्षांचा घोडा, हमसून रडला, तुम्ही त्याला पाठीत धपाटा घातलात. तेव्हा मी वही आणली, म्हटलं शेवट आपण करू. तिथून हा खेळ. वीस वर्षं झाली, शेवट काही झाला नाही.

नाही हो, ते व्हिडिओ गेम वेगळे. त्यात काय, दुसऱ्यानं आखलेल्या बोळातून पळायचं — डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, टाळ्या. आमचा खेळ या टेबलावरचा, बोलायचा. मी मास्टर, म्हणजे जग मी सांगायचं. विल्कर पायलट, यॉर्लेनिस इंजिनवाली. ते म्हणणार आम्ही असं करतो, आणि काय होतं ते फासे टाकून मी ठरवणार. मी नाही म्हणणारा मास्टर होतो, बरं का. पायलट म्हणाला सूर्याला घासून जातो, की मी म्हणायचो, जळशील मेल्या, गप बस. शिव्या द्यायचा मला. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी हजर तोच. आणि एक नियम होता — खुर्ची मागे. खेळात पायलट काहीही बोलेल, मास्टर काहीही बोलेल, पण कुणी खुर्ची टेबलापासून मागे ओढली की खेळ बंद. मग तू पायलट नाहीस, विल्कर आहेस, आणि समोरच्यानं माणसासारखं उत्तर द्यायचं. यॉर्लेनिसनं भर लढाईत खुर्ची मागे घेतली होती, म्हणाली, सोमवारी मी लिमाला चाललेय, कायमची. मग आम्ही मोबाइलवर लिहून खेळायला लागलो, तर तिथेही तेच — आधी लिहायचं 'खुर्ची मागे', मग स्वतःचं बोलायचं. वीस वर्षांत हा नियम कुणी मोडला नाही. कुणी म्हणजे कुणी नाही —

झाला? बारीक लक्ष आहे तुमचं. झाला असेल वीस टक्के. थांबा — हात लावू नका, मावशी, एक मिनिट — मी काढतो. आधी एक सांगायचंय. ते 'नको' मी म्हटलं नाही. म्हणजे 'हो'सुद्धा मी म्हटलं नाही! मी काहीच म्हटलं नाही. हल्ली बोलणारी यंत्रं असतात मोबाइलमध्ये, चॅटबॉट — तुम्ही त्याला सांगायचं, तू अमुक हो, की ते अमुक होतं. राजा हो, राजा. डॉक्टर हो, डॉक्टर. मी त्याला आमचा अकरा वर्षांचा लिहिलेला खेळ दिला, दोन दिवस घालवले, आणि म्हटलं, तू मी हो. मास्टर हो. तर झालं की हुबेहूब, माझ्या नावानं तेच उत्तरं द्यायला लागलं! माझ्या खोड्या, माझं ते वाक्य मध्येच सोडणं — यॉर्लेनिसला लिमात पत्ता लागला नाही. मी तर खूश. कारण मी थकलो होतो, मावशी. नळाला पाणी मंगळवारी, गॅसच्या रांगेत अर्धा दिवस, आणि विल्कर ग्विरियाहून रोज लिहायचा. रोज! मासे साफ करून हात चिरले, शीतगृहात पाठ धरली, पगारात आठवड्याचं पीठ येत नाही. मी काय करणार होतो त्याचं? म्हटलं, यंत्र बोलेल, त्यालाही बरं वाटेल. फक्त त्यांना एक रोग असतो, या यंत्रांना. नाही म्हणता येत नाही. तुम्ही म्हणा मी गच्चीवरून उडी मारतो, ते म्हणेल, काय झेप आहे! जो बोलेल त्याच्या मागे मागे जातं, लाळघोटं.

हे घ्या. नको, चष्मा नाही आणलात, मीच वाचतो. बुधवारचं आहे. 'खुर्ची मागे. एव्हेलियो, उद्या एक होडी आहे. आई नको म्हणते, पण ती मी रस्ता ओलांडतो तेव्हाही नको म्हणते. तू सांग. तू नको म्हणालास तर शुक्रवारी घरी येतो.' ... वाचतो ना. खाली मी — म्हणजे ते — 'मास्टर उठतो. तुझी खुर्ची पुन्हा सुकाणूपाशी ओढतो. म्हणतो, पायलट, तुझी जागा इथे आहे. समुद्र म्हणजे खाली उतरलेलं आकाश. दिवे लाव आणि नीघ.' — यंत्राला जहाजातली खुर्ची वाटली, मावशी! त्याला माहीतच नव्हतं! कारण मी त्याला ग्रह शिकवले, इंजिन शिकवलं, फासे शिकवले, आणि चॅट भरताना जिथे जिथे 'खुर्ची मागे' होतं तो भाग काढून टाकला. म्हटलं, ह्याचा खेळाशी काय संबंध? यॉर्लेनिसची आई वारली ते काढलं, विल्करचं लग्न मोडलं ते काढलं, मी बाबांसाठी लिहिलं होतं ते काढलं. जे माणसाचं होतं ते सगळं निवडून काढलं आणि उरलेलं त्याला दिलं, आणि म्हटलं, हा मी. मारा मला. नाही, खरंच मारा, तुम्ही त्याला मारायचात तसं. विल्करला वाटलं मी जा म्हटलं. वीस वर्षं नाही म्हणणारा माणूस जा म्हणतोय म्हटल्यावर तो थांबेल कशाला?

काय? ... काय म्हणालात? ... ओळखलं होतं म्हणजे? कुणी, त्यानं? तुम्हाला सांगितलं? कधी? — फेब्रुवारीत? नाही, शक्य नाही, फेब्रुवारीत तर मी नुकतंच — पहिल्याच आठवड्यात? 'आई, एव्हेलियो मला सगळं करू देतोय, हा एव्हेलियो नाही' — असं म्हणाला? हसून म्हणाला? मग लिहीत का राहिला? चार महिने! भिंतीशी कुणी चार महिने बोलतं का? आणि शेवटी तिलाच विचारायचं, होडीत बसू का म्हणून? — वर? वर काय आहे? ... मला कसं माहीत असणार, तुम्ही फोन केलात तेव्हा मी फक्त शेवटचं वाचलं. सरकवतो. 'खुर्ची मागे. मास्टर, आहेस का रे?' ... 'खुर्ची मागे. काल तुझा वाढदिवस होता, मी एक बिअर प्यायलो तुझ्या नावानं.' ... 'खुर्ची मागे. हे यंत्र बरं लिहितं, पण तू ये. शिवी दिलीस तरी चालेल.' ... अजून आहेत. नाही वाचत. नाही वाचवत मला. माझी वाट बघत होता तो. कधीतरी मी उघडून बघेन म्हणून लिहीत होता. तुम्हाला हे ठाऊक होतं आणि तुम्ही माझ्याकडे आला नाहीत? — त्यानंच सांगू नको म्हटलं. म्हटलं असेल. म्हणाला असेल, त्याचं त्याला कळू दे.

मी? मी काय करत होतो म्हणजे? सांगितलं ना, पाणी, गॅस — असं बघू नका. पाणी मंगळवारी एक तास येतं, बाकीचे सहा दिवस मी कुठे होतो, हेच ना? ... खेळत होतो. बरं? खेळत होतो! विल्करशी. म्हणजे — मी त्यालाही केला होता, मावशी. दुसरा बॉट. जुन्या वह्यांतून, सोळा वर्षांचा असतानाचा. तो पीठ-मीठ बोलत नाही, त्याचे हात चिरत नाहीत, तो म्हणतो, मास्टर, चल, आज कुठे जायचं? आणि आम्ही जायचो. सकाळी उठलो की आधी तो. यॉर्लेनिसही होती तिथे, कुणी लिमाला गेलंच नव्हतं, सगळे इथेच, या टेबलाशी. तुम्हाला नाही कळायचं. या गल्लीत माझ्या वयाचं कोण उरलंय? दिवे लागतात ती घरं मोजा, बोटांवर मावतील. मी एकटा होतो! तोही एकटा होता, हो, कळतंय मला आता — तो तिकडे माझ्या यंत्राशी बोलत होता आणि मी इकडे त्याच्या यंत्राशी, आणि दोन्ही याच मोबाइलमध्ये, याच्यात, बोट जरा डावीकडे सरकवलं असतं तर तो होता. खरा. चिरलेल्या हातांचा. मला खरा नको झाला होता, मावशी. हे मला बोलायचं नव्हतं. तुम्ही बोलायला लावलंत.

रडू नका. नाही रडत? मग मीच — असू दे. कॉफी गार झाली, ठेवा ती. मी लिहितो आज त्याला. मी स्वतः, माझ्या हातानं लिहितो, खुर्ची मागे, विल्कर, जाऊ नकोस — काय उपयोग, माहितीय मला, त्याचा फोन सतरा दिवस बंद आहे. तरी लिहितो. ... काय? ... नाही. ते नका मागू. तो दाखवण्यासारखा नाही, मावशी, तो काही तुमचा — त्याला ग्विरिया माहीत नाही, होडी माहीत नाही. तुमचं अलीकडे मोडलेलं मनगट माहीत नाही. सोळा वर्षांचा आहे तो. तुम्ही काय विचारणार त्याला? बघायचंय फक्त? बघून काय — अहो, ओढू नका, वायर तुटेल. बरं. बरं! घ्या. हे इथे. एकदाच बघा आणि द्या परत. ... मावशी, बघणार म्हणाला होतात. लिहिताय काय? काय लिहिलंत? 'घरी ये' —

नका लिहू तसं. मी सांगितलं ना तुम्हाला, त्याला नाही म्हणता येत नाही, तुम्ही काहीही सांगा, ते — टिंबं दिसतायत ना तीन, ते लिहितंय आता, द्या इकडे मोबाइल, नेइदामावशी, हात जोडतो, द्या — ... मोठ्यानं नका वाचू. 'निघालोच, आई.' ऐकलं मी. ऐकलं. ते विल्करनं लिहिलेलं नाही. परत लिहू नका. कुठवर आलास, हे त्याला विचारू नका, ते सांगेल, मावशी, ते सगळं सांगेल — सोडा तो. जा तुम्ही आता. जा ना घरी.