मेन मी पाडलाय

…आरं टेस्टर-फिस्टर कशाला हवाय, दादासो? ऱ्हाऊ दे खाली पिशवीत. मेन मी पाडलाय म्हणतो न्हवं? ह्याच हातानं, आत्ताच. घाल हात बिनघोर. एवढा वायरमन गडी तू, सारं कराड तुझ्या नावानं दिवं लावतंय, आन माझ्या तीन खोल्यांच्या बोर्डाला भितोस व्हय?

काय म्हणालास— तार काळी पडलीया? पडंल की! माझ्या बानं घर बांधलं तवा खोलीला एक बल्ब, आन रेडिओ आसला तर आसला. आता भाडेकरू बघ— शालूबाई डबं करती, तिच्या दोन इजेच्या शेगड्या; पल्याड क्रांती आन सृष्टी, कॉलेजातल्या पोरी, इंजिनेर व्हणाऱ्या— त्यांचा गिझर, त्यांची इस्तरी, केस वाळवायचं यंत्र! केस वाळवाय बी वीज? आमच्या आईचं केस काय जलमभर वल्लंच ऱ्हायलं व्हय? समदं एकाच टायमाला लावत्यात, मग फ्यूज उडतू. उडला की तार घाल, उडला की तार घाल— कट्टाळलो, आन घातली एकदा जाड तार. जाड म्हंजी… कुंपणाची. हसतोस काय! त्यापास्नं फ्यूज एकदा बी उडला न्हाई. तू म्हणतोस फ्यूज जळंना म्हणून भिंतीतली तार जळाय लागली. आरं, कायतरी जळायचंच की लेका!

आँ? फ्यूज उडत न्हाई तर शालूबाई रोज वीज गेली म्हणून का वरडती? …लय बारीक हायस गड्या तू. आता निसटलंच तर ऐक, पर तिला सांगू नगंस. मीच पाडतो मेन. कशाला म्हंजी? गंमत! खटका खाली केला की पटापटा दारं उघडत्यात, समदी पडवीत— ‘नाथाआजोबा, बघा की वो!’ मग मी चष्मा लावतो, फ्यूज काढतो, फुकतो, कपाळाला आठ्या घालतो, परत बसवतो, हळूच खटका वर करतो— जसा काय मोठा डाक्टर. उजेड आला की पोरी टाळ्या पिटत्यात. फौजेत सोळा वर्सं ट्रक हाणला, पर आसली टाळी न्हाई मिळाली. वीज आसली की मातर ज्याचं दार त्याला बंद— हितं म्हातारा हाय का मेला, कोण इचारतंय? म्हणून म्हणतो, खोलीखोलीला येगळी लाईन, येगळा खटका, ही तुझी इद्या मला नगं. जळका तुकडा तेवढा बदल, चिकटपट्टी मार, च्या पी, चालू लाग. घाल हात. हां… आता ती तार मोकळी कर आन—

थांब. मिक्सर कुणाचा वाजतोय?

शालूबाई! आवं, मेन पाडलाय न्हवं मी? मग मिक्सर कसा फिरतोय? …कुणी केलं? क्रांते, हिकडं ये. काय जोडलंय? मेनच्या वरनं तार? म्हंजी मेन पाडला तरी वीज चालूच? काल? दोन्ही खोल्यांस्नी?

दादासो, हात काढ. तार सोड आन हात काढ. आरं हसू नगंस गड्या! चेष्टा न्हाई ही— बाची शप्पत, पोराची शप्पत, चेष्टा न्हाई! हात काढ म्हणतो न्हवं!

…

काढलास. बरं. स्टुलावरनं सावकाश उतर. न्हाई, मला धरू नगंस, मी बसतो हितंच.

आन तू गं क्रांते, परीक्षेत वीज जाया नगं म्हणून जोडलीस, खरं. पर मेनच्या वरनंच जोडलीस, म्हंजी मीच पाडतो हे ठावं हुतं— कवापास्नं? …वरीसभर? तरी टाळ्या पिटत हुतासा?

जा. आत जावा समदी. दादासो, तू बी जा— उद्या सकाळी ये, आन खोलीखोलीला येगळी लाईन वढ. आता काय इचारू नगंस. जा म्हणतो न्हवं.