पाहुण्याची हाक

लुले : आई, पुन्हा सांगा. पोलीस आले की काय म्हणायचं?

द्राने : पोपट आहे का मी? 'कोर्टाचा कागद दाखव.'

लुले : आणि काय म्हणायचं नाही?

द्राने : 'ये' म्हणायचं नाही. दारातल्या माणसाला 'ये' म्हणायचं नाही! ऐकून डोंगरभर हसतील लोक.

लुले : गेल्या खेपेला म्हणालात. राकीचे पेले भरलेत, कॉफी दिलीत. ती पिऊन त्यांनी घर उचकटलं आणि तुमच्या पाश्कला उचलून नेलं. कागद नव्हताच त्यांच्याकडे. वकील म्हणाला ना, तुमच्या त्या 'ये'वरच ते आत आले.

द्राने : टोमाने पाहुण्याची हाक दिली होती, पोरी. त्या हाकेला माझ्या सासूने घराच्या वैऱ्यालासुद्धा जेवू घातलंय.

लुले : म्हणून तर दिली त्याने. पोलीस असला तरी इथलाच ना तो! परक्या पोलिसाला सुचलं नसतं.

द्राने : ते फोनमधलं कार्ड कुठे ठेवलंस?

लुले : राजम्याच्या बरणीत. धरणाविरुद्धच्या मोर्चात पाश्कने दगड मारला नाही, हे फक्त त्यातल्या व्हिडिओतच दिसतं. ते गेलं तर माझा नवरा गेला. खालच्या वळणावर पोलीस आपल्या प्रत्येकाला तपासतात, वकिलाला हात लावत नाहीत. तो दुपारी श्कोद्रा शहरातून ते न्यायला येतोय. तोवर कुणी आत यायला नको.

(बाहेर कुत्रं भुंकतं.)

टोमा : ओ घरधनीण! पाहुणे घेता का?

लुले : तोच. आई, गप्प बसा. घरात कुणी नाही असं समजू दे.

द्राने : हाकेला उत्तर न द्यायला घर मेलंय का? कोण रे?

टोमा : मी टोमा, काकू! बरोबर आणखी एक जण आहे. गारठलोय नुसते.

द्राने : थांब, चुलीशी आहे. आले.

लुले : आई, पाया पडते तुमच्या!

द्राने : सरक. हं, टोमा. आजोबा कसे आहेत रे?

टोमा : खाटेवर आहेत. तुमच्या राकीची आठवण काढतात. येऊ ना आत?

द्राने : दे आधी.

टोमा : काय?

द्राने : पिस्तूल. ही खुंटी बघ. पाहुण्याचं हत्यार घरच्यांनी घ्यायचं आणि इथे टांगायचं. तुझ्या आजोबांची बंदूक इथेच लटकायची. गेल्या खेपेला मी मागायची विसरले.

टोमा : काकू, सरकारी हत्यार आहे. दिलं तर नोकरी जाईल.

द्राने : नाही देणार?

टोमा : नाही देता येत हो.

द्राने : बरं. मग काय काम काढलंत, साहेब?

टोमा : साहेब? अहो, कडेवर खेळवलंय तुम्ही मला!

द्राने : खेळवलंय. कोर्टाचा कागद आहे?

टोमा : हे सुनेनं शिकवलेलं दिसतंय. कागद आणला ना, तर हाक नाही मारणार मी. लाथ मारीन दाराला.

द्राने : आणा. दार उघडंच ठेवीन.

टोमा : पाश्क माझ्या ताब्यात आहे, काकू. एवढं ध्यानात असू द्या.

द्राने : त्याचा हात कसा आहे?

टोमा : कुठला?

द्राने : तुम्ही मोडलात तो.

टोमा : बांधलाय.

द्राने : उंबऱ्यावरचा पाय काढा, साहेब.

लुले : गेले! आई, गाडी शहराकडे वळली. कागद घेऊन येईपर्यंत वकील येऊन जाईल. बसा तुम्ही.

द्राने : याचा राग काढतील ना गं पाश्कवर?

लुले : वकील आला की तेच आधी सांगते त्याला.

द्राने : या दारातून आजवर कुणी माघारी गेलं नव्हतं.

लुले : अगंबाई, कॉफी उतू गेली. आणि एवढी कशाला टाकलीत? दोघीच तर आहोत.

द्राने : चौघांची टाकली. हाक ऐकली होती ना मी.